बोटावर निभावलं

रबाळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
एक वही माझ्या टेबलावर असायची.
अपघातांची नव्हे. अपघातांना फाइल असते,
पंचनामा असतो, युनियन असते.
ही वही न झालेल्या गोष्टींची.
शिडीवरून पाना निसटला, खाली कोणी नव्हतं.
व्हॉल्व्ह फुसफुसला, वारा उलटा होता.
जिवावरचं बोटावर निभावलं,
ते बोट कुठल्या पाळीत, कुठल्या पायरीवर,
एवढंच मी लिहायचो.

आता तशीच वही गाडीच्या कप्प्यात,
पीयूसीच्या कागदाखाली.
वाहन : वॅगन आर, राखाडी. चालक : मीच.
वय एकाहत्तर.

नोंद एक. नेरूळ, सोसायटीची पार्किंग.
ब्रेक समजून दुसरंच दाबलं.
गाडी कुंडीला टेकून थांबली. कुंडीत ओवा होता.
वॉचमन हसला नाही, ते जास्त लागलं.

नोंद दोन. सारसोळेचा सिग्नल.
पाठीवर जेवणाची पेटी घेतलेला पोरगा
आरशात नव्हता, मग एकदम खिडकीशी होता.
कारण : मान.

नोंद तीन खोडली आहे.
ती चूक रिक्षावाल्याची होती.
बहुतेक.

नोंद चार. पाम बीच, संध्याकाळचे साडेसात.
मागच्यानं आरशातून पांढरे दिवे डोळ्यांत ओतले.
तीन श्वास रस्ताच नव्हता.
त्या तीन श्वासांत बाबांचं मिठागर दिसलं,
पांढरे ढीग, त्यांची भेगाळलेली टाच,
आणि मी तिथून ताशी सत्तरनं चाललो होतो.

तेव्हापासून रात्री नाही.
उरण फाट्याला ट्रेलरांच्या रांगेत नाही.
पट्टा आधी, किल्ली नंतर, फोन तिच्या पिशवीत.
सर्दीची गोळी घेतली तरी त्या दिवशी स्टिअरिंगला हात नाही.
उजवं वळण टाळायला तीन डावी घेतो.
सुगंधा म्हणते, आपण भाजीला निघालो की देवळात,
एवढ्या प्रदक्षिणा?

कारखान्यात नियम होता, मीच केलेला :
एका यंत्राच्या तीन नोंदी झाल्या की यंत्र बंद.
चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरला मी कुलूप घातलं,
वर लाल पाटी :
माणूस आत आहे. सुरू करू नये.
कापडियासाहेब जिन्यावरून ओरडले,
भोईर, माल काय तुझा बाप देणार?
मी म्हटलं, साहेब, किल्ली माझ्या खिशात आहे.
त्या रात्री मला छान झोप लागली होती.

मग खोडलेली मोजायची की नाही,
यावर गेले दोन महिने मी
मॅनेजरसारखा वाद घालतोय.

आज सकाळी वही उघडली, आणि पुढच्या पानावर
अक्षर माझं नव्हतं.
ठळक, एकेक काना वेगळा उभा केलेला,
करावे गावच्या शाळेतलं, चौथीपर्यंतचं.

गुरवार. सीवूडचा पूल उतरताना.
सिग्नल लाल होता.
तुमी गुणगुणत होते.
एक बाई पोराला घेऊन मागं सरली.
मी बोलली नाय.

मला तो गुरुवार आठवतो.
काय गुणगुणत होतो तेही आठवतं.
पिशवीत निवट्या होत्या, ताज्या,
आणि मी खुशीत होतो.
सिग्नल आठवत नाही.

तिनं रकाने नीट भरलेत. वार, जागा, काय झालं.
शेवटचा, उपाययोजनेचा,
कोरा ठेवलाय.
तिला विचारलं नाही. ती लसूण सोलत होती.

खाली येऊन गाडीत बसलोय.
सवयीनं पट्टा लावला, आरसा नीट केला.
कुंडी दिसते. ओवा पुन्हा फुटलाय एका बाजूनं.
वॉचमन बघतो, बाहेर पडणार का,
म्हणून फाटकाला हात घालतो.
मी नुसतं बोट वर करतो : थांब.
माणूस आत आहे.

वर कुकरची दुसरी शिट्टी झाली.
पेन उठत नाही, झटकून बघतोय.
किल्ली खिशात, मांडीला टोचते.